बर्लिनचे पाच गळे

१९२७ सालच्या डिसेंबरात ‘बेर्लिनर लोकाल-आन्त्साइगर’ या दैनिकात एक छोटीशी जाहिरात आली. टेनर आणि बास आवाजाचे गायक पाहिजेत. वय पंचविसाच्या वर नको. आवाज गोड हवा, संगीताची जाण पक्की हवी. रोज किती वेळ देऊ शकता तेही कळवा, कारण जगात दुसरा नसेल असा एक संच उभा करायचा आहे. जाहिरात देणाऱ्याचं नाव हॅरी फ्रॉमरमान, वय २१. राहायला बर्लिनच्या फ्रीडेनाउ भागात, श्टुबेनराउख रस्त्यावरच्या ४७ नंबरच्या इमारतीत, अगदी वर छपराखालच्या खोलीत. खिशात पैसा नाही, हाताशी गायक नाहीत, आणि जाहिरात मात्र जगावेगळ्या संचाची.

त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे कान. वडील सिनेगॉगमधले कँटर, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारे आणि म्हणवून घेणारे. त्यामुळे घरात गाणं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘रेव्हलर्स’ या अमेरिकन गटाच्या तबकड्या. मोजके पुरुष आवाज, सोबतीला एक पिआनो आणि जॅझच्या अंगानं झुलणारी गाणी. त्या ऐकून हॅरीनं कागदावर स्वर मांडायला घेतले, कुठल्या गळ्यानं कधी काय म्हणायचं ते. त्याला स्वतःला तोंडानं वाद्यांचे आवाज काढण्याची भारी हौस होती. कर्णा म्हणू नका, सॅक्सोफोन म्हणू नका. गळे नुसतेच गाणार नाहीत, तर वाजतीलसुद्धा, असा संच त्याच्या डोक्यात होता.

जाहिरात वाचून सत्तरेक माणसं आली. बेकारीचे दिवस होते, रांग लागली यात नवल नाही. त्या सत्तरांतून हॅरीनं एकच माणूस निवडला, रोबेर्ट बिबर्टी. ऑपेरातल्या बास गायकाचा मुलगा, आवाज खर्जातला आणि डोकं पक्कं व्यवहारी. तो ‘ग्रोसेस शाउश्पीलहाउस’ या प्रचंड नाट्यगृहाच्या गायकवृंदात होता. तिथून तो दोन मोती घेऊन आला. पहिला आरी लेश्निकॉफ, बल्गेरियन. त्याचा टेनर इतका वर जायचा की ऐकणाऱ्यानं श्वास रोखावा. दुसरा रोमान त्सिकोव्स्की, पोलंडमधल्या लॉड्झ शहराजवळच्या गावातला बॅरिटोन. पिआनोला एर्विन बोट्झ आला, संगीत महाविद्यालयात शिकणारा. दुसऱ्या टेनरच्या जागी सुरुवातीला वेगळा गायक होता, पण लवकरच तिथे एरिख कोलिन आला आणि संच पुरा झाला. पुढे सारं युरोप ज्यांना ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ म्हणून ओळखणार होतं, ते हे सहा जण. पाच गळे आणि एक पिआनो. पिआनो असल्यामुळे काटेकोर अर्थानं हे ‘आ कापेला’ गाणं नव्हे, कारण ‘आ कापेला’ म्हणजे वाद्याविना. पण जर्मनीतल्या आजच्या कुठल्याही वाद्याविना गाणाऱ्या संचाला त्याचा मूळपुरुष विचारा, तो याच सहांकडे बोट दाखवतो.

तालमी सुरू झाल्या आणि पहिल्यांदा जे ऐकू आलं ते कोणालाच आवडलं नाही. तयारीचे गळे होते, स्वर कागदावर बिनचूक लिहिलेले होते, तरी मेतकूट काही जमेना. १९२८ चा अर्ध्याहून जास्त काळ याच खटपटीत गेला. स्काला या बर्लिनच्या नावाजलेल्या रंगमंदिरानं तर त्यांना ऐकून परत पाठवलं. आता खरा गमतीचा प्रश्न असा आहे की प्रत्येक जण आपापल्या जागी सुरात असताना सगळे मिळून बेसूर, निदान बेढब, का लागतात?

यासाठी थोडं आकड्यांत शिरू. आपल्याकडे संगीत एका ओळीनं पुढे जातं. एक गातो, बाकीचे साथ करतात. त्यामुळे दोन-तीन वेगळे स्वर एकाच वेळी सलग लावून धरण्याची वेळ गायकांवर सहसा येत नाही. पण त्याचा अनुभव आपल्याला रोजचा आहे, कारण तंबोरा आहे. समजा, एकानं सा लावला, सेकंदाला २०० कंपनांचा. दुसऱ्यानं त्यावर शुद्ध गंधार लावला, २५० कंपनांचा. तिसऱ्यानं पंचम लावला, ३०० चा. कोणताही गळा फक्त एकच कंपनसंख्या काढत नाही. २०० बरोबर ४००, ६००, ८००, १००० अशा तिच्या पटीही तो बारीक आवाजात सोडत असतो. गंधारवाला ५००, ७५०, १००० सोडतो. म्हणजे साच्या पाचव्या पटीत आणि गंधाराच्या चौथ्या पटीत १००० वर गाठ पडते. दोन माणसं, दोन वेगळे स्वर, पण वर कुठेतरी दोघं अगदी एकाच स्वरावर उभी. तंबोरा उत्तम मिळाला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हीच पाचवी पट. तारेवर कोणीही गंधार छेडलेला नसतो, तरी तो असतो.

आता त्याच ठिकाणी पिआनोचा गंधार घ्या. पिआनोचे बारा स्वर सारख्या अंतरावर कापलेले, त्यामुळे त्याचा गंधार २५० वर न बसता जवळजवळ २५२ वर बसतो. दोनच कंपनांचा फरक! कोणाला कळणार? पण चौथ्या पटीत तो १००८ होतो, आणि साची पाचवी पट तर १००० वर आहे. या दोघांची टक्कर होऊन सेकंदाला आठ वेळा आवाज थरथरतो. कानाला ती थरथर म्हणून कळतेच असं नाही, कळतो तो एक खरखरीतपणा. पाच गळ्यांपैकी एक गळा केसभर वर चढला की तिन्ही-चारी जोड्यांत अशी थरथर सुरू होते. हॅरीच्या छपराखालच्या खोलीत पहिल्या महिन्यांत जे चाललं होतं ते बव्हंशी असंच काहीतरी असणार.

आणि जमलं की काय होतं? मला यातला सगळ्यात अद्भुत वाटणारा भाग इथे आहे. २०० आणि २५० यांतला फरक ५०. २५० आणि ३०० यांतलाही फरक ५०. हे स्वर जोरात आणि बिनचूक लागले, तर आपला आतला कान हा फरकाचा स्वर स्वतःच तयार करतो. ५० म्हणजे साच्याच दोन सप्तकं खालचा सा. तो कोणी गात नसतं. तिघं गातात आणि खाली चौथा माणूस खर्ज लावून उभा असल्याचा भास होतो. हा चौथा गायक हवेत नाहीच, तो ऐकणाऱ्याच्या कानात जन्मतो. चार-पाच जण गात असताना ‘आवाज भरून आला’ असं जे आपण म्हणतो, त्यात या भुताचा वाटा मोठा.

पण नुसती कंपनं जुळून भागत नाही. स्वराला अक्षर लागतं, आणि पाच जणांचं मेतकूट बिघडतं ते बहुतेकदा अक्षरावर. ‘आ’ म्हणताना तोंडाची पोकळी जशी बनते तशा काही विशिष्ट पटी त्यात उचलल्या जातात, बाकीच्या दबतात. ‘ई’ म्हणताना दुसऱ्याच उचलल्या जातात. म्हणूनच एकाच स्वरात ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ओळखू येतात. आता या संचात बघा: एकाची मायबोली बल्गेरियन, एक पोलंडमधून आलेला, बाकीचे जर्मन. पाच तोंडांतले पाच ‘आ’ पाच जातींचे. सूर तंतोतंत लागला तरी एकाचा ‘आ’ थोडा रुंद आणि दुसऱ्याचा थोडा गोल असेल, तर ऐकणाऱ्याला पाच माणसं वेगवेगळी मोजता येतात. त्यांना आपापल्या ‘आ’ला मुरड घालून सगळ्यांचा मिळून एक ‘आ’ घडवावा लागला. लेश्निकॉफच्या र मधला बल्गेरियन खणखणाट तेवढा शेवटपर्यंत टिकला, आणि तो टिकला हे फार बरं झालं.

त्यात यांतले बरेच जण रंगभूमीवरचे, ऑपेराच्या वळणाचे गायक. ऑपेराचा गायक मोठ्या वाद्यवृंदाच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो तो एका युक्तीनं. घशाच्या रचनेत थोडा बदल करून तो सेकंदाला ३००० कंपनांच्या आसपासच्या पटी उजळवतो. वाद्यवृंदाचा जोर त्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे त्या फटीतून आवाज निसटून पुढे जातो. स्वीडनमधले ध्वनिशास्त्रज्ञ योहान सुंडबेर्ग यांनी हे मोजून दाखवलं, आणि त्यांनी असंही दाखवलं की तोच गायक वृंदात गायला लागला की ही चमक आपोआप कमी करतो. कारण एकट्यानं तळपण्यासाठी जी वस्तू लागते, तीच मिसळण्याच्या आड येते. म्हणजे बिबर्टी आणि मंडळींना गाणं शिकायचं होतं त्याहून जास्त ते विसरायचं होतं.

इथे त्यांच्या मदतीला एक यंत्र आलं. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण म्हणजे कर्ण्यात तोंड घालून ओरडणं. त्या वर्षी विजेचा मायक्रोफोन वापरात आला आणि कुजबुजसुद्धा तबकडीवर उतरू लागली. त्यामुळे हळू गाता येऊ लागलं, आणि हळू गाताना आवाज मिसळणं फार सोपं जातं. कॉमेडियन हार्मोनिस्ट्सच्या गाण्यात जो मखमली हळुवारपणा आहे, तो दहा वर्षं आधी तबकडीवर उतरलाच नसता. त्यांच्या पहिल्या तबकड्या ओडियन कंपनीनं काढल्या. हे नाव जुन्या तबकड्या जमवणाऱ्या मराठी माणसाला अनोळखी नाही. पहिल्या महायुद्धाआधी भारतातल्या गायकांची गाणी मुद्रित करून, बर्लिनला दाबून घेऊन, इथे विकायला आणणारी ओडियन तीच. पुढे ते इलेक्ट्रोलाकडे गेले, ती आपल्या एच. एम. व्ही.ची जर्मन बहीण.

१९२८ च्या सप्टेंबरात एरिक शारेल या निर्मात्यानं त्यांना आपल्या ‘कासानोव्हा’ या भपकेदार संगीतनाट्यात घेतलं. जागा तीच, ग्रोसेस शाउश्पीलहाउस, जिथे बिबर्टी वृंदात गात होता. वास्तुशिल्पी हान्स पोल्झिगनं त्या सभागृहाचं छत असं घडवलं होतं की चुनखडीच्या गुहेत वरून लोंबणाऱ्या सुळक्यांचीच आठवण यावी. त्या गुहेत बर्लिनकरांनी हे पाच गळे पहिल्यांदा ऐकले. ‘मेलडी मेकर्स’ हे सुरुवातीचं नाव मागे पडून ‘कॉमेडियन हार्मोनिस्ट्स’ हे नाव लागलं ते याच सुमारास.

नंतरची पाच-सहा वर्षं भराभर सांगता येतील, कारण यशाच्या गोष्टी एकमेकींसारख्याच असतात. १९३० मध्ये ‘वेरोनिका, डेर लेन्त्स इस्ट डा’ हे वसंताचं चावट गाणं घराघरात गेलं. त्याच वर्षी ‘डी ड्राय फोन डेर टांकश्टेले’ या गाजलेल्या बोलपटात ते झळकले. अमेरिकेतल्या एका लोकप्रिय गाण्याला जर्मन शब्द घालून त्यांनी शनिवार-रविवारच्या सुट्टीचं गाणं केलं. मूळ चाल १९३२ मध्ये रूझवेल्टच्या निवडणूक प्रचारात वाजत होती, आणि इकडे जर्मन माणूस त्याच चालीवर जंगलात सहलीला निघाला होता. १९३२ च्या जानेवारीत त्यांचा कार्यक्रम बर्लिनच्या फिलहार्मोनीत झाला. सिम्फनीच्या मानाच्या सभागृहात हलकीफुलकी गाणी, आणि एकही खुर्ची रिकामी नाही. ‘माइन क्लायनर ग्र्युनर काक्टुस’ हे बाल्कनीतल्या निवडुंगाचं खुळं गाणं १९३४ चं. जर्मन मुलांना ते आजही पाठ असतं.

पण त्यांची कमाल बघायची तर शब्द नसलेल्या गाण्यांत. रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ची सुरावट, म्हणजे ऑपेरा सुरू होण्याआधी वाद्यवृंद वाजवतो तो तुकडा, या मंडळींनी गळ्यांनी उभा केला. ड्यूक एलिंग्टनचं ‘क्रीओल लव्ह कॉल’ त्यांनी १९३३ मध्ये मुद्रित केलं. त्यात बिबर्टीचा खर्ज दुहेरी बासच्या तारा छेडल्यासारखा ठिपके टाकत जातो. मधले गळे एकच लांब ‘ऊ’ धरून क्लॅरिनेटची गादी घालतात. आणि त्यावर एक झाकण लावलेला कर्णा रडवेला सूर काढतो. झाकण लावलेला, म्हणजे वादक कर्ण्याच्या तोंडावर वाटी धरतो आणि उघडझाप करतो, तसा. ही उघडझाप म्हणजे पुन्हा अक्षरांचा खेळ आहे. ‘ऊ’कडून ‘आ’कडे जाताना तोंड जे करतं, तेच ती वाटी करते. कर्णा माणसाच्या बोलण्याची नक्कल करत होता, या लोकांनी त्या नकलेची नक्कल केली. ऐकणाऱ्याची फसगत व्हावी ही त्यांची इच्छा नसावी. फसता फसता ‘अरे, हा माणूस आहे’ हे कळण्यात जी गंमत आहे, ती त्यांना हवी होती.

वाद्याविना गाणाऱ्यांना आणखी एक खोड लागते, तीही इथेच सांगून टाकतो. शुद्ध स्वरांच्या मागे लागून गाणं फिरत गेलं की षड्ज जागेवर राहत नाही. सापासून शुद्ध पंचमाच्या चार उड्या मारा आणि सप्तकं उतरवून खाली या, तर तुम्ही गंधारावर पोहोचता. पण हा गंधार २५० चा नसतो, २५३ च्या थोडा वर असतो. हा ८१ ला ८० चा फरक. भरताच्या प्रमाणश्रुतीचा हिशेब मांडताना आपले श्रुतीचे अभ्यासक ज्या आकड्यावर येतात, तो हाच. पाच जण दर वळणावर हा फरक आपापसांत वाटून घेतात, आणि तीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी सगळे मिळून थोडे खाली उतरलेले असतात. कोणाचीच चूक नसते! कॉमेडियन हार्मोनिस्ट्सच्या मागे बोट्झचा पिआनो असायचा, तो जागचा हलत नाही. त्यामुळे त्यांच्या बहुतेक गाण्यांत हा घसरडेपणा आवरला गेला. पिआनोनं त्यांचा शुद्धपणा थोडा हिरावून घेतला आणि त्या बदल्यात पक्की जमीन दिली. सौदा वाईट नव्हता.

आता हा संच मोडणाऱ्या पत्राकडे वळू.

हिटलर १९३३ च्या जानेवारीत सत्तेवर आला. त्याच वर्षी राइख संगीत मंडळ स्थापन झालं, आणि सभासदत्व नसेल तर जाहीर कार्यक्रम करता येणार नाही असा नियम झाला. या सहांपैकी तिघे ज्यू: फ्रॉमरमान, त्सिकोव्स्की आणि कोलिन. कोलिनचं घराणं तर धर्म बदलून ख्रिस्ती झालं होतं, पण नाझींचा हिशेब धर्माचा नव्हता, रक्ताचा होता. आधी ज्यू कवी-संगीतकारांची गाणी वगळा असा लकडा लागला. मग उरलं काय? ‘वेरोनिका’ची चाल वाल्टर युरमानची, शब्द फ्रित्स रोटरचे, दोघेही ज्यू. त्यांना हिट गाणी देणारा वेर्नर रिचर्ड हायमान, तोही ज्यू. १९३४ च्या मार्चमध्ये हॅनोव्हरला जर्मनीतला शेवटचा कार्यक्रम झाला. मग ते बोटीनं अमेरिकेला गेले. तिथे रेडिओवर गायले, न्यूयॉर्कच्या बंदरात ‘साराटोगा’ या विमानवाहू युद्धनौकेवर अमेरिकन नौसैनिकांसाठी गायले. तिथेच राहायचं का, यावर वाद झाला आणि ते परत आले. इतिहास वाचताना ज्या पानावर आपण ‘अरे, जाऊ नका’ असं मनात ओरडतो, ते हे पान.

(त्याच १९३४ साली बर्लिनमध्ये शिकलेले ज्यू संगीतकार वाल्टर कॉफमान मुंबईत उतरले. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून त्यांच्या नावावर आहे. एका देशानं माणसं हाकलली आणि त्यांतला एक सूर आपल्या स्वयंपाकघरातल्या रेडिओपर्यंत पोहोचला.)

२२ फेब्रुवारी १९३५ ही पत्राची तारीख. संगीत मंडळानं कळवलं की तिघा ‘आर्य’ सभासदांना, म्हणजे बिबर्टी, बोट्झ आणि लेश्निकॉफ यांना, सभासदत्व मंजूर आहे. बाकी तिघांना नाही. आणि मंजूर झालेल्यांनी नामंजूर झालेल्यांबरोबर यापुढे गायचं-वाजवायचं नाही. सहाचे बरोबर तीन-तीन झाले. कारकुनानं कागदावर रेघ मारली ती वंशाप्रमाणे, पण गाण्याच्या अंगानं बघा: एकीकडे सर्वांत वरचा आवाज आणि सर्वांत खालचा आवाज, दुसरीकडे मधले तिन्ही. शिखर आणि पाया बर्लिनमध्ये राहिले, भिंती हद्दपार झाल्या.

पुढे जे घडलं ते ध्वनिशास्त्राच्या दृष्टीनं एखाद्या क्रूर प्रयोगासारखं आहे. मधले तिघे व्हिएन्नाला गेले. त्यांनी नवा टेनर, नवा बास आणि नवा पिआनोवादक घेतला आणि ‘कॉमेडी हार्मोनिस्ट्स’ या नावानं गाऊ लागले. बर्लिनच्या तिघांनी नवे मधले आवाज भरती केले. परकी नावं चालत नव्हती, म्हणून ‘माइस्टरसेक्स्टेट’ असं जर्मन नाव घेतलं. दोन्ही संचांत पाच-पाच गळे आणि एक पिआनो. घाट तोच, अनुभव तोच, काही गाणीही तीच. आणि दोन्हींचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, म्हणून हे कोणालाही तपासून बघता येतं.

दोन्ही चांगले आहेत. जुना आवाज मात्र दोन्हींत नाही. व्हिएन्नाच्या संचात वरचा टेनर सफाईदार आहे, पण लेश्निकॉफ जसा ढगातून उतरल्यासारखा येई, ते नाही. बर्लिनच्या संचात वर-खालचे ओळखीचे आवाज आहेत, पण मधलं भरण विरळ आहे, आणि मुख्य म्हणजे हॅरीची खोडकर रचना नाही. मधले आवाज कोणाच्या लक्षात येत नाहीत. गाणं गुणगुणताना कोणी दुसऱ्या टेनरची ओळ गुणगुणत नाही. पण गंधार, तोच तो २५० चा, बहुधा मधल्या गळ्याकडेच असतो. तो हलला की वरचा टेनर एकटा पडतो आणि खालचा बास नुसताच घुमतो. सात वर्षं रोज एकमेकांचा ‘आ’ ऐकून जे तयार झालं होतं, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते सहा जणांच्या सवयीत होतं. त्यामुळे नवे गायक आणून, तेच कागद हातात देऊन ते परत मिळालं नाही.

व्हिएन्नाचा संच सोव्हिएत रशिया, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया असा जगभर फिरला. १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि त्यांचं तेही घर गेलं. १९४१ मध्ये अमेरिकेत हा संच मोडला. बर्लिनचा संच आपापसांतल्या कुरबुरींनी आणि वरच्या जाचानं युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांतच संपला. सहाच्या सहा जण युद्धातून जिवंत राहिले, पण सहा जण मिळून पुन्हा कधीच गायले नाहीत.

हॅरी अमेरिकन सैन्यात गेला, युद्धानंतर न्यूरेम्बर्गच्या खटल्यांत दुभाष्याचं काम केलं, उतारवयात जर्मनीत परतला आणि १९७५ मध्ये ब्रेमेनला वारला. कोलिन १९६१ मध्येच लॉस एंजेलिसला वारला. लेश्निकॉफ सोफियात हलाखीत जगला, १९७८ मध्ये वारला. बोट्झ १९८२ मध्ये, बिबर्टी १९८५ मध्ये. बिबर्टी शेवटपर्यंत बर्लिनमध्येच होता. त्सिकोव्स्कीचे वडील पोलंडमध्ये जर्मनांच्या हातून मारले गेले. ते कळल्यावर त्यानं मनोरंजनाचं गाणं सोडलं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सिनेगॉगमध्ये कँटर झाला. १९९८ च्या नोव्हेंबरात, ९७ वर्षांचा होऊन, सहांतला शेवटचा तो गेला.

त्याआधी त्यांची गाणी परत आली होती. १९७६ मध्ये एबरहार्ड फेख्नर या दिग्दर्शकानं हयात असलेल्यांना जगाच्या कानाकोपऱ्यांत गाठून टेलिव्हिजनसाठी दोन भागांचा माहितीपट केला. वेगवेगळ्या घरांत बसलेले म्हातारे तीच गोष्ट आपापल्या बाजूनं सांगतात. पैशाच्या जुन्या भांडणांसकट. फेख्नर त्यांची वाक्यं अशी जोडतो की ते एका खोलीत बसून बोलताहेत असं वाटावं. माझ्या मते या विषयावर याहून चांगलं काही झालेलं नाही. १९९७ चा योसेफ फिल्समायरचा चित्रपट जास्त पैसे मिळवून गेला, पण तो गोडवा वाढवून सांगतो. बॅरी मॅनिलोचं ‘हार्मनी’ हे संगीतनाटक २०२३ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचलं. खुद्द जर्मनीत लाइपझिगचे ‘आमारकोर्ड’ आणि ‘काल्मुस’, कोलोनचे ‘वाइज गाइज’ असे वाद्याविना गाणारे संच एकामागून एक उभे राहिले. त्यांनी हा पिआनोचा आधारही टाकून दिला.

ऐकायचं असेल तर सगळं यूट्यूबवर आहे, आणि जर्मन येत नसलं तरी अडत नाही. ‘क्रीओल लव्ह कॉल’पासून सुरुवात करा. कानाला हेडफोन लावा. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा फक्त बिबर्टीचा खर्ज धरून शेवटपर्यंत चाला. तिसऱ्यांदा वरचं आणि खालचं सोडून मधल्या गळ्यांचा माग काढायचा प्रयत्न करा. तो अवघड जाईल, आणि अवघड जायलाच हवा. मग १९३५ नंतरच्या दोन्ही संचांची एकेक तबकडी लावा आणि मी वर दिलेला निकाल तुमच्या कानांना पटतो का ते बघा.